शेणखतावरची हिरवी बुरशी

अहो,

सोमवारी नऊ तारखेला सकाळी साडेसात वाजता तुम्ही माझ्या शेणखताच्या ढिगावर मोरचुदाचं पाणी फवारलंत आणि वर फोन करून ऐटीत सांगितलंत, "सगळी हिरवी बुरशी मारली बघ!"

शाबास! ती बुरशी मीच ओल्या पोत्याखाली वाढवली होती. मिरीची मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तीच खाऊन टाकते. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरनी अशा हुशारीला दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

इथे बाळंतीण लेक बरी आहे, बाळ पोटभर पितं. माझी काळजी नको.

कडेचा मिरीचा वेल पिवळा पडला होता, शेजारचाही पडला का? बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावू नका. नवं खत मी येऊन मुरवीन, तोवर वेल तगले म्हणजे मिळवली.

फवारताना तोंडाला रुमाल बांधला होतात का? बोलताना सारखे खोकत होतात. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, ठसका लागला."

फोनवर तुमचं सगळं छानच असतं. म्हणून शनिवारच्या आत मला लेखी उत्तर हवं. आधी खोकल्याचं लिहा, मग वेलांचं.

अजून रागातच असलेली,
तुमची मी