मंडईची तारीख

कोहमारा,
१४ मार्च २००९

चि. अल्का हिस,

दादाचा सप्रेम जयभीम. इकडे मी आणि तुझी वहिनी बरे आहोत. आपल्या भाचीचे, खुशबूचे, दहावीचे पेपर चालू असतील. गणिताला उत्तरं पुन्हा तपासल्याशिवाय उठू नको, असं तिला माझ्या नावानं सांग.

तुझ्या पोषण केंद्रातली उंची मोजायची सागाची फळी मी केली. डोक्यावर टेकणारी सरकती पट्टी मीच रंधली, अजूनही डुगडुगत नाही. वजनकाट्याला टांगायची झोळी मी शिवली. मशीन वहिनीचं, हात माझे. दुकानातला कॉम्प्युटर सुटे भाग आणून मी जोडला. आणि एपी इन्फो नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या संस्थेच्या सर्वेक्षणातलं प्रत्येक पोरगं मी बसवलं, वय, वजन, उंचीसकट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं, मांडीवर इंग्रजीचा शब्दकोश घेऊन. देवरीच्या बैठकीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादाले काय समजते त्यातलं?" समजते. कसं ते शांतपणे वाच.

चिचगडकडच्या पोरांच्या जन्मतारखांचा आलेख काढला तर एकाच आठवड्यात ढीग. सगळ्या बाया काय ठरवून बाळंत झाल्या? मग सर्वेक्षणाच्या पोरींना विचारलं. त्या म्हणाल्या, जन्माचा दाखला नसला की आई सांगते, "मंडईच्या चार दिस अगोदर झाला जी." या पोरी बाहेरच्या. मंडईची जत्रा दिवाळीनंतर लगेच भरते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी सगळ्या गावांना भाऊबीजेची तारीख लावली.

आता तूच सांग, आपल्या टोल्याची, एवढ्याशा वस्तीची मंडई कधी भाऊबीजेला झाली? नाटकाशिवाय मंडई नाही, आणि मोठ्या गावांचं आटोपल्यावर नाटक कंपनी आपल्याला रात्र देते. मी नाटकमंडळाच्या श्यामलालला गाठलं. त्याला प्रत्येक वर्षीची रात्र तोंडपाठ. "त्या साली तं महिन्याभरानं भरली, हिरोईनच आजारी पडली होती ना!" म्हणजे आपली पोरं कागदावर महिन्यानं मोठी झाली होती, आणि त्या मोठ्या वयाला त्यांची उंची कमी दिसत होती. वय दुरुस्त केलं, तशी बरीच पोरं खुज्यांच्या यादीतून बाहेर आली. टोला मदतीच्या रेषेच्या वर गेला, आणि तुझं केंद्र बंद करायच्या यादीत आलं.

दुरुस्ती मीच पाठवली. पुन्हा वेळ आली तरी पाठवीन. चुकीचं वय माहीत असून गप्प बसलो असतो, तर उद्या माझ्या एकाही आकड्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

तू बैठकीत उठून म्हणालीस, "नागपूरची खुर्ची पाहिजे होती तं तसं सांगाचं होतं. माह्या लेकरायच्या ताटातला भात कायले विकला?" लोक हसले. मी फाइल उचलून बाहेर आलो. तेव्हापासून तू फोन घेत नाहीस.

पण काम तिथं संपलेलं नव्हतं. संस्थेच्या नीला मॅडम म्हणाल्या, "केवळराम, वय बाजूला ठेवून उंचीच्या मानानं वजन पाहा." कल्पना त्यांची, श्रेय त्यांचं. चालवून मी पाहिलं. त्या हिशोबात मंडई कधी भरली याचा संबंधच येत नाही. आणि आपल्या टोल्यातली पोरं उंचीच्या मानानं फार हडकुळी निघाली, आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा जास्त. मी दोनदा चालवलं, उत्तर तेच. केंद्राची गरज खरी आहे. ती चुकीच्या आकड्यावर उभी होती, आता बरोबर आकड्यावर उभी राहील.

मॅडमना हे पटलं. मात्र सर्वेक्षण जानेवारीतलं, म्हणून त्यांना या महिन्याच्या आत ताजी मोजणी हवी. ती झाली नाही तर केंद्र बंद. बाया तुझ्या शब्दावर येतात, माझ्या नाही. बुधवारी सकाळी पोरं जमव. स्वेटर, कमरेचा करदोडा, वाळे, सगळं उतरवून. फळी सपाट भिंतीला लाव, चुलीकडच्या भिंतीला पोक आहे. मी पहिल्या गाडीनं येतो. तुला बोलायचं नसेल तर बोलू नको, आकडे तेवढे मोठ्यानं सांग.

आता खुर्चीचं. तू हवेत बोलली नव्हतीस, खुर्ची खरंच आली होती. बैठकीत तू जे म्हणालीस, ते मी आठ दिवस आधीच स्वतःला म्हणून झालो होतो. मी ती घेतली असती, तर माझ्या पुढच्या प्रत्येक मोजणीला लोकांनी विकलेली मोजणी म्हटलं असतं, आणि तुझं केंद्र त्या बोलण्यातच गेलं असतं. म्हणून बैठकीच्या आधीच लेखी नकार दिला. कोणाला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. संस्थेच्या नागपूर कचेरीत आकडे तपासायची कायम जागा, राहायला खोली, आणि दरमहा अठरा हजार रुपये.

तुझा दादा,
केवळराम