चाक धरायला ये

बकुळा,

दुपारी घरी येऊन गेलो. तू बायकांच्या सभेला गेली होतीस. तिथे बोलवायला आलो नाही. काल तेवढं तोडून बोलल्यावर कुठल्या तोंडाने येऊ? भाकरी खाल्ली, ठेचा तुला ठेवलाय.

लाँचचं तेलावरचं स्टिअरिंग बिघडलंय, चाक फिरवलं तरी बोट वळत नाही. आठवडाभर मी रोज तेल भरत होतो. ‘नुसतं ओतताय, जातंय कुठं ते बघा,’ असं तू म्हणालीस तेव्हा मी खेकसलो. आज फळी उचलली तर खाली पाइपचा जोड गळत होता. वायसर बदलला. आता पाइपात शिरलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, आणि माझ्या जोडीच्या बुधाजीला काल सत्याग्रहात पकडलं. धक्क्यावर दुसरे खलाशी आहेत, पण ते घाई करतात. संध्याकाळी मालक लाँच चालवून बघणार आहे.

चार वाजता भाऊच्या धक्क्यावर ये. तेल गाळायला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आण, माझ्या फडक्याचे धागे सुटतात. मी मागे सुकाणापाशी आडवा पडून हवा सोडायचा स्क्रू सैल करीन. ‘डावं’ म्हटलं की चाक सावकाश डावीकडे फिरव आणि धरून ठेव. बुडबुडे थांबले की मी स्क्रू आवळीन, तोवर सोडू नको. मग उजवीकडे तसंच.

मोर्चात बायकांचं काय काम, असं काल मी म्हणालो. त्याचं उत्तर तुझ्याकडे असेलच. ते तिथेच दे. माझे दोन्ही हात स्क्रूवर असतील, उठून जाता यायचं नाही.

कोंडीराम