डॉक्टर गोड बोलू लागले तर

तीर्थरूप दादांना धाकटीचा नमस्कार.

तुमची, वहिनींची आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. (गुडघ्याची वेगळी चौकशी केली नाही की तुम्हाला राग येतो, हे लक्षात आहे.) मी बरी आहे. बीपी गोळीच्या धाकात आहे, कंबर कोणाच्याच धाकात नाही.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. आतापर्यंत ते मी अकरा वेळा वाचलं. दादा, इतक्या वर्षांत तुमच्या पत्रांत हवामान, तुमचं पोट, शेजाऱ्यांनी पुढे सरकवलेली भिंत आणि माझ्या आधीच्या पत्रातल्या चुका, लाल शाईत खुणा करून, एवढंच असायचं. या पत्रात लाल शाई नाही, पोट नाही, भिंतसुद्धा नाही. चारच वाक्यं आहेत. मी नर्सिंगला गेले म्हणून तुम्ही तीन वर्षं माझ्याशी बोलला नाहीत, ते तुमचं चुकलं. आईच्या दुखण्यात मी एकटीने सगळं निभावलं. ते तुम्ही बघत होतात, पण बोलला नाहीत. आणि माझ्यासारखी बहीण मिळाली हे तुमचं भाग्य. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालं असं की पहिला विचार आला तो हा, की दादांना नक्की काहीतरी झालंय. त्यात तुम्ही साखर खाली आणणारी तीच गोळी घेता, जी आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर घेतात. हा विचार तुम्हाला अपमानाचा वाटेल, म्हणून सोमवारी दवाखान्यात काय घडलं ते आधी सविस्तर सांगते. मग मला काय बोलायचं ते बोला.

आमचा दवाखाना तुम्ही एकदा पाहिलाय. खाली ओपीडी, वर सहा खाटा, आणि मधला तो जिना, जिथे स्ट्रेचर वळवताना दरवेळी भिंतीचा रंग निघतो. माणसं पाच. मोठे डॉक्टर, नवे आलेले छोटे डॉक्टर, कंपाउंडर, मी, आणि खाटा-फरशी-बादल्या सांभाळणाऱ्या मावशी. मोठ्या डॉक्टरांचा हात देवाचा आणि तोंड तोफेचं. तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. फारच खूश असले तर 'हं' म्हणतात. एकदा जुळ्यांच्या अवघड बाळंतपणानंतर ते दोनदा 'हं' म्हणाले होते. ते मी तुम्हाला पत्रात कळवलंही होतं. (तुम्ही त्या पत्रातल्या सात चुका काढल्या होत्या.)

दर तीन महिन्यांनी, पहिल्या सोमवारी दोन वाजता, ओपीडी उघडायच्या आधी, डॉक्टर आमच्याकडून अचानक कोसळणाऱ्या पेशंटचा सराव करून घेतात. पेशंट म्हणून एक लांब लोड असतो. त्याला आम्ही 'पाहुणे' म्हणतो. पाहुण्यांना आजवर कितीतरी झटके आलेत, दोनदा विषबाधा झालीय आणि एकदा कंपाउंडरने छाती दाबता दाबता त्यांची शिवण उसवली. सरावाचा नियम एकच आहे: जे दिसतं ते आधी मोठ्याने बोलायचं, जे वाटतं ते नंतर. भिंतीवर डॉक्टरांच्या अक्षरातला तक्ता आहे. छातीत कळ आणि घाम आला तर काय करायचं, तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला तर काय, श्वास अडकला तर काय. शेवटची ओळ अशी, की माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी साखर तपासा. ही ओळ मी स्वतः आमच्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या नर्सच्या चौदा तुकड्यांना पाठ करायला लावलीय. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचीच लाज वाटणार आहे.

त्या सोमवारी सकाळी एक बाळंतपण लांबलं. डॉक्टरांनी सकाळची गोळी घेतली, पण खाणं राहिलं ते राहिलंच. दोन वाजता पाहुण्यांना टेबलावर निजवलं आणि पहिल्याच मिनिटाला ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी सापडेना. एरवी एवढ्यावर कंपाउंडरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. डॉक्टर म्हणाले, असू दे, होतं असं. कंपाउंडरने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग छोट्या डॉक्टरांनी पाहुण्यांची छाती दाबायची सोडून पोट दाबलं, तर डॉक्टर म्हणाले की तुझा हात छान चालतो. छोटे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. आणि मग मोठे डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, सिस्टर, तुम्ही आहात म्हणून हा दवाखाना उभा आहे.

दादा, मी नर्स आहे. बघत राहणं हे माझं काम आहे. पण ते वाक्य ऐकलं आणि मी बघायचं सोडून दिलं. मला वाटलं, चला, म्हातारपणी माणूस निवळला. एवढंच नाही, मी संधी साधली. तुमच्याकडे यायच्या रजेचा अर्ज दोन महिने माझ्या खिशात घडी घालून होता, तो काढून पुढे केला. त्यांनी न वाचता सही केली. ती सही कागदावरून घसरून टेबलावर गेली, आणि मी काय केलं असेल? कापसाला स्पिरिट लावून टेबल पुसलं. लक्षण डोळ्यांसमोर होतं आणि मी ते स्वच्छ करून टाकलं.

तेवढ्यात मावशी बादली न्यायला आल्या. आल्या तशा दारातच थांबल्या आणि सरावात शिकवतात तशा मोठ्याने बोलू लागल्या. "पंखा चालू आहे आणि डॉक्टरांचा शर्ट पाठीवर ओला आहे. ओठ थरथरतायत. मला खुर्चीवर बसा म्हणतायत." कंपाउंडर त्यांना गप्प करायला लागला (त्याला अजून थोडं कौतुक हवं होतं), मीही डोळे वटारले. त्यावर मावशी मलाच म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलं ना, दिसतं ते बोला म्हणून? मला हे बरं दिसत नाही, बाई." तेव्हा कुठे मी डॉक्टरांच्या कॉलरकडे पाहिलं. ती पिळून काढावी इतकी भिजली होती.

त्यानंतर आमची जी धावपळ झाली ती पाहुण्यांच्या नशिबी कधी आली नाही. तोंड वाकडं होतंय का बघायला छोट्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना हसायला सांगितलं. ते लगेच हसले, सरळ हसले. दोन्ही हात वर केले, दोन्ही सारखे. फक्त जीभ जड झाली होती. मी बोट टोचलं. साखर अडतीस, सत्तरच्या वर हवी ती. इमर्जन्सीच्या ट्रेमधला ग्लुकोजचा डबा उघडला तर आत पावडरच नाही, नुसता चमचा. उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून तो पाण्यात ढवळून संपवला होता. (चमचा माझा होता. हेही लिहून ठेवते.) मावशींनी चहाच्या साखरेचा डबा धावत आणला, पण तोवर डॉक्टरांचे डोळे मिटायला लागले होते. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. कंपाउंडर साखरपाण्याचा चमचा घेऊन वाकला तेव्हा मी त्याच्या हातावर फटका मारला. आता शिरेतूनच द्यायचं होतं. तेहतीस वर्षं मी शिरा शोधतेय, लोक म्हणतात अंधारातही सापडते. त्या दिवशी डॉक्टरांचा हात गार आणि घामाने निसरडा होता. पहिली सुई चुकली. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. मनात एकच होतं, की हा माणूस गेला तर माझ्या एका हौसेपायी जाईल, की मला कोणीतरी चांगलं म्हणावं. दुसऱ्या वेळी शीर लागली. छोट्या डॉक्टरांनी इंजेक्शनचं ग्लुकोज हळूहळू सोडलं. 

काही मिनिटांनी डॉक्टरांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, ही पट्टी इतकी वाकडी कोणत्या गाढवाने लावली?  मावशींनी हात जोडले. मी पडद्यामागे जाऊन रडून घेतलं. तोवर अँब्युलन्स आली होती. त्या गोळीचा असर लांबतो, साखर परत खाली जाऊ शकते, म्हणून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. (जाताना जिन्यावर भिंतीचा रंग निघाला. त्यावरून ते बोललेच.)

बुधवारी ते कामावर आले. पहिलं लक्षण दिसल्यापासून बोट टोचेपर्यंत किती वेळ गेला, असं विचारलं. सगळे पाहुण्यांकडे बघत उभे राहिले. मी सांगितलं, बावीस मिनिटं. का, म्हणाले. मी खरं ते सांगितलं: तुम्ही चांगलं बोलत होतात, सर, आणि आम्हाला ते थांबवावंसं वाटेना. ते उठून तक्त्यापाशी गेले. मग पेन काढलं आणि तक्त्यावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं: डॉक्टर गोड बोलू लागले तर हीच ओळ लागू. माझा रजेचा अर्ज मात्र फाडला. पेशंटची सही चालत नाही, म्हणाले.

आणि गुरुवारी तुमचं पत्र आलं. आता सांगा, मी काय समजायचं होतं? आपल्या घरात गोड बोलायची रीत नाही. बाबांनी शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून शाबास म्हटलं, तेव्हा मी त्यांचा ताप मोजला. एकशे तीन होता. म्हणून ती शाबासकी मी कधी धरलीच नाही. तापात माणूस काहीही बोलतो, असं स्वतःला सांगत आले. तुमचं पत्र हातात धरून उभी होते तेव्हा मला तो थर्मामीटर आठवला.

पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार. खाणं वेळेवर घ्या, आणि खाणं राहिलं तर गोळी घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तुमची,
धाकटी

ता. क. वहिनींवर रागावू नका. गुरुवारी दुपारी त्यांनी तुम्हाला दोन्ही हातांनी माळ्यावरचा रिकामा डबा काढायला लावला, मग तो परत ठेवायला लावला, मग शेजाऱ्यांच्या भिंतीची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली आणि तुमचं बोट वेळेच्या आधी टोचलं, ते सगळं मी फोनवर सांगितलं म्हणून. हात दोन्ही सारखे चालले, बोलणं स्पष्ट होतं (वहिनी म्हणाल्या, जरा जास्तच), साखर एकशे बारा. हसणं तेवढं संध्याकाळपर्यंत तपासता आलं नाही, कारण तोवर तुम्ही हसला नाहीत.

आणखी एक. शुक्रवारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःचं बोट पुढे केलं. एकशे एकतीस. आकडा मला मोठ्याने वाचायला लावला. मग रजेच्या नव्या अर्जावर सही केली, तीन वेळा घसा साफ केला आणि खिडकीकडे बघत सोमवारचं ते वाक्य परत म्हटलं. मी बारा तारखेला तुमच्याकडे येतेय, आठ दिवसांसाठी.

शेवटचं, आणि खरं तर हेच लिहायला बसले होते. तुमची साखर ठीक, हात ठीक, बोलणं ठीक. म्हणजे त्या चार वाक्यांना माझ्या माहितीतलं कुठलंही वैद्यकीय कारण उरलेलं नाही. बाबांचं मी सोडून दिलं, तुमचं सोडायची माझी तयारी नाही. येताना साखर मोजायचं यंत्र बरोबर आणते. दुपारच्या जेवणानंतर तुमचं बोट टोचीन. आकडा ठीक आला की ती चार वाक्यं माझ्यासमोर एकदा म्हणा. नवीन काही रचू नका, तीच चालतील. वहिनींना आत पाठवलं तरी चालेल. आणि अगदीच जमलं नाही, तर नुसतं 'हं' म्हणा, दादा. मला ते कळतं.