बाबांच्या अकरा जागा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. गुडघा शेकतोस का? वहिनीला म्हणावं लक्ष ठेव, हा माणूस दहादा सांगितल्याशिवाय काही करत नाही.

आपल्या चुलतभावाने, भोपूने, पुस्तक छापलंय. ‘तळ्यातल्या अकरा जागा’. मुखपृष्ठावर स्वतः, हातात मासा, चेहरा असा की जणू त्यानेच तो जन्माला घातला. आत नकाशा. दादा, त्या बाबांच्या जागा आहेत. चाळीस वर्षं दोरीला शिसं बांधून बाबांनी खोली मोजली आणि वहीत लिहिली. बाबा गेले त्या आठवड्यात घरात सगळ्यांची ये-जा होती, तेव्हाच याने वही लांबवली असणार.

सातवी जागा म्हणजे लव्हाळ्यातलं उथळ पाणी. तिथे मासे अंडी घालतात, मार्च ते मे गळ टाकायचा नाही, असं बाबांनी लाल शाईने लिहिलं होतं. भोपूने नेमकी तीच ओळ गाळली. काल तिथे एकोणीस होड्या होत्या. त्यातल्या सहा माझ्याच धक्क्यावरून भाड्याने गेलेल्या, आणि मला कळलं ते त्या परत आल्यावर. पोटात अंडी असलेल्या माद्या, बादल्या भरभरून.

मी त्याला सोडणार नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमी


११ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ. तुझं पत्र वाचून तुझी वहिनी हसली आणि शेकायची पिशवीच घेऊन आली. आता सुटका नाही.

वहीचं जाऊ दे. ती परत मिळून काय होणार? तळं काही आपल्या नावावर नाही. होड्या घेणारी निम्मी माणसं भोपूच्या ओळखीची आहेत. त्याच्याशी वाकडं घेऊन धंद्यावर पाणी सोडू नकोस. काही करण्याआधी मला कळव, एवढं ऐक.

इकडे जिन्याला नवा कठडा बसवला. रंग वहिनीने निवडला, त्यामुळे तो छान आहे.

माया आहेच, तिच्यावर भरवसा ठेव.
तुझा दादा


२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. आधी कळवलं नाही, कारण तू अडवलं असतंस. काम झालं.

एप्रिलमध्ये भोपू माझ्याकडे आला. मेअखेरीला त्याची मासेमारीची स्पर्धा, सत्तर माणसं, बक्षिसं एका गळ-दोऱ्यांच्या दुकानदाराची. सातव्या जागेत आता चिटपाखरू उरलेलं नाही. म्हणून गोड बोलून विचारत होता की काकांनी वहीत न लिहिलेली एखादी जागा असेलच ना. मी चहा दिला. बरेच आढेवेढे घेतले आणि मग जुन्या पंपघरामागचा डोह सांगितला. दिसायला देखणा, काठावर सावली. पण तळाशी कुजका गाळ, उन्हाळ्यात सडक्या अंड्यांचा वास, मासा जगतच नाही.

तपासायचे कष्ट न घेता त्याने ती ‘बारावी जागा’ म्हणून जाहीर केली. सत्तर माणसं सकाळी सहा ते संध्याकाळी पाच बसली. एकाच्या गळाला चप्पल लागली, तिचंच वजन केलं. दुकानदार बक्षिसं गाडीत भरून निघून गेला. लोकांनी पुस्तकं भोपूच्या पायाशी टाकली. दादा, कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

पण मग तो धक्क्यावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “वही मी चोरली नाही. तुझ्या दादाने माझ्या हातात आणून दिली.” खोटं बोलतोयस, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

तसंच आहे ना? लगेच लिही.
तुझी चिमी


९ जून

चि. चिमीस,
अ. उ. आ. चार पत्रं फाडली, हे पाचवं. भोपू खोटं बोलला नाही. बाबांची खोली आवरताना वही मला सापडली आणि मी ती त्याला दिली. त्याने मागितलीही नव्हती.

तू सहा वर्षांची असल्यापासून बाबा तुला होडीत न्यायचे. मला नाही. म्हणायचे, हा फार चुळबुळ करतो, मासे पळतात. मी काठावर बसून होड्यांतलं पाणी उपसायचो. आज एकसष्ट वर्षांचा आहे, त्या अकरातली एकही जागा मी पाहिलेली नाही. वही हातात आली तेव्हा वाटलं, मला नाही ना, मग येईल त्याने तिथे जाऊन बसावं. बाबांना लागेल असं काहीतरी करायचं होतं, आणि बाबा तर गेलेले.

लाल शाईची ओळ गाळू का, असं भोपूने मला विचारलं होतं. मी गाळ म्हणालो.

तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. शेवटी जे लिहायचं असतं ते लिहायला हात धजत नाही.
दादा


१७ जून

दादास,
पत्र मिळालं. भोपूवर काढलेला राग निम्मा वाया गेला म्हणायचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये. सकाळी साडेपाचला धक्क्यावर. वहिनीला सगळं सांगून ये, नाहीतर मी सांगेन. होडी मी वल्हवीन आणि तुला सातव्या जागेवर नेईन. या दिवसांत तिथलं पाणी पिल्लांनी काळं दिसायचं, हात बुडवला की बोटांना गुदगुल्या व्हायच्या. आता नुसता तळ दिसतो. दुपारपर्यंत तू तो बघत बसायचंस. खुशाल चुळबुळ कर, पळायला तिथे काही उरलेलं नाही.

येतोस की नाही ते पत्रानेच कळव, फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकायची माझी अजून तयारी नाही.
चिमी