वळणाआधीचा उंचवटा

प्रिय ताई,

फोन केला की तुम्ही बाळ कसं आहे विचारता, बरी आहे म्हणता आणि ठेवून देता. मला तर फोनवर काही सुचतच नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा लवकर सुटली हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा अक्षराला हसा, पण वाचा शेवटपर्यंत. बाळ झोपलंय. तो उठायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहिते, बाकीचं त्याला कडेवर घेऊन.

आधी इकडचं सांगते. तुमचा भाचा आता धरून धरून चालतो. भिंत धरतो, सायकलीची चाकं धरतो, परवा तर एका गिऱ्हाइकाची पँट धरून शेडच्या दारापर्यंत गेला. मला सगळ्याचीच धास्ती. पाण्याची बादली, तेलाचा डबा, दाराची फट, काही म्हणून सुटत नाही. तुमचा भाऊ चिडवतो, म्हणतो, खिडकीत चिमणी बसली तरी हिला वाटतं ती पोराला उचलून नेईल. सायकली दुरुस्त करता करता मिस्त्री म्हणतात, वहिनी, त्याला हेल्मेट घालूनच झोपवा. म्हणू देत. आई झाल्यापासून माझा जीव असा मुठीतच असतो, काय करू.

सुट्टीच्या दिवशी भाड्याची एकही सायकल उरत नाही. संध्याकाळी चिखलाने माखून येतात आणि मी पाइप घेऊन धूत बसते. आलेला प्रत्येक जण विचारतो, डोंगरावरून सायकलने उतरायची ती नवीन वाट कधी उघडणार? वरती जिथून ती झाडीत शिरते तिथे दोरी बांधलेली आहे अजून. आपल्याकडची रीत तुम्हीच घातलेली, ज्याने वाट आखली त्याने आधी स्वतः ती उतरायची, मग इतरांनी. तुमचं उतरणं अर्ध्यात राहिलं, म्हणून वाटही राहिली. पण गेल्या आठवड्यात तुमच्या भावाने सगळ्यांसमोर जाहीर केलं की येत्या रविवारी ताईच्या जागी मी उतरतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मिस्त्रींनी लगेच त्याच्या सायकलीचे ब्रेक तपासायला खोलले. मी मात्र बाळाला उचलून आत निघून गेले, ताई. ज्या वळणावर तुम्ही पडलात, तुमच्यासारखी बाई पडली, तिथून हा जाणार. तुमच्या निम्म्यानेही त्याला येत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते आठवतं का? शेडच्या मागच्या झाडीतून एक सायकल सुसाट आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली, वर बसलेलं माणूस डोक्यापासून पायापर्यंत चिखल. मी म्हटलं हा कोण मुलगा. तुम्ही हेल्मेट काढलंत, पाइप तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायलात आणि मला म्हणालात, काय गं, इतकी का आखडून उभी आहेस, मी चावत नाही. मी तर घाबरलेच होते तुम्हाला.

आणि मग भर पावसात मला डोंगरावर नेलंत, सायकल न घेता. मला वाटलं नणंदबाई सासुरवास करतायत. पण तुम्ही झाडाखाली उभ्या राहून नुसतं पाणी बघत होतात. म्हणालात, पाण्याला जिथून जायचंय तिथून वाट न्यायची नाही, नाहीतर एका पावसात ती ओढा होते. मग उघडीप झाल्यावर झाडांना लाल फिती बांधत फिरलात. एका झाडापाशी सगळी सकाळ गेली. फीत एका फांदीवरून सोडायची, हातभर पलीकडे बांधायची, मागे जाऊन बघायचं, परत सोडायची. मला हसू येत होतं. कपड्यांच्या दुकानात बायका एवढा वेळ लावत नाहीत. आज त्याच गोष्टीचं मला इतकं कौतुक वाटतं की काय सांगू.

बाळाच्या वेळचं तर मी कधी विसरणार नाही. दवाखान्यात मी ओरडून ओरडून सगळ्यांना वेठीला धरलं होतं. तुमचा भाऊ बाहेर पांढराफटक पडलेला. तुम्ही आत आलात, हात धरलात आणि म्हणालात, हा चढ आहे, वर किती राहिलाय ते बघू नकोस, पुढचं एक झाड बघ आणि तिथपर्यंत ये. मग एकेक झाड करत मी आले. तुम्ही नसतात तर कशी आले असते?

आणि त्याच तुम्ही, पडल्यावर, प्लास्टरमध्ये पडून भिंतीकडे तोंड करून म्हणालात, वाट मीच चुकीची आखली. तेवढंच. मग मैत्रिणीकडे राहायला गेलात, एका दुकानात बसून करायचं काम धरलंत, आणि घरी पाऊल नाही. सगळे म्हणतात पायामुळे. पाय कधीच बरा झाला, एवढं मलाही कळतं.

आता खरी गोष्ट सांगते, रागावू नका. चार-पाच दिवसांपूर्वी दुपारी तुमचा भाऊ सामान आणायला गेला होता. माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. म्हटलं, नवरा जिथून उतरणार ती वाट एकदा आपल्या डोळ्यांनी बघू तरी. बाळाला बाबागाडीत घातलं, मिस्त्रींनी जुन्या सायकलींची चाकं लावून केलेली ती, आणि गाडीरस्त्याने वर गेले. दोरीखालून वाकून आत शिरले.

ताई, मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. उतार लागला तशी बाबागाडी पळायला बघू लागली, मी घट्ट धरून मागे रेलले. आणि तेवढ्यात जमीन जराशी वर आली. एवढीशीच, पायाला कळेल न कळेल अशी. गाडी आपोआप हळू झाली, माझ्या हातात अगदी गरीब होऊन आली, आणि मग वळण लागलं. पुढच्या उतारावर परत तसंच. त्याच्या पुढेही तसंच. प्रत्येक वळणाआधी छोटा उंचवटा. रस्ता ओलांडताना मोठं माणूस लहान मुलाचं बोट कसं धरतं, तसं धरलंय तुम्ही येणाऱ्याला. मी तर हात सैल सोडायला लागले. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, खाली पानांचा सडा, मधूनच कवडसा बाळाच्या तोंडावर पडायचा आणि तो खिदळायचा. एके ठिकाणी झाडी मोकळी होते आणि खालची शेतं दिसतात, तिथे मी उगाचच थांबले. किती दिवसांनी मला कशाची धास्ती वाटत नव्हती! डोंगरालाच ब्रेक बसवलेत की हो तुम्ही.

मग ते वळण आलं, दुभंगलेल्या खडकापाशी. मी आपली उंचवट्याची वाट बघत होते. आलाच नाही. सपाट, गुळगुळीत, केर काढल्यासारखी जमीन, आणि गाडीने मला फरफटत नेलं. मी टाचा रोवल्या, गुडघ्यांवर आपटले, पण दांडा सोडला नाही. गाडी कडेच्या झुडपात जाऊन रुतली. बाळाला खरचटलंसुद्धा नाही. तो टाळ्या वाजवत होता, परत म्हणून. मी तिथेच बसून रडले.

घरी आल्यावर माझी शोभा झाली ती झालीच. तुमचा भाऊ म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, सायकलची वाट कुणी बाबागाडीने बघतं? मिस्त्री म्हणाले, उद्या पाळणा घेऊन जा. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, सगळ्या वळणांआधी उंचवटा आहे, मग नेमका तिथेच का नाही? तर तुमचा भाऊ सहज बोलून गेला, होता की, आम्हीच काढला. ताई उतरणार त्याच्या आदल्या संध्याकाळी. शेवटचं मोठं वळण, तिला कुठे अडायला नको, एकदम मोकळं जाता यावं, खूश होईल, म्हणून फावडी घेऊन आम्ही सगळे...

एवढं म्हणाला आणि थांबला. कप हातात तसाच. मिस्त्रींनी टायर खाली ठेवला. 

मी हे पत्र कुणाला न विचारता लिहितेय. ताई, तुमची वाट चुकली नव्हती. उंचवटा कमी पडला असं तुम्हाला वाटलं असेल, पण तो तिथे नव्हताच. तुम्ही तुमच्या जमिनीवर भरवसा ठेवून आलात आणि तीच तुमच्या माणसांनी काढून घेतलेली, तीही मायेपोटी. हे तुम्हाला कळायलाच हवं. पण मला भीतीही तेवढीच वाटते, की हे वाचून तुम्ही भावाचं तोंड बघणार नाही. तो सांगू शकत नाहीये. फोन हातात घेतो, ठेवतो. रविवारचं त्याने रद्द केलं. शेड मिस्त्रींवर टाकून रोज वर जातो, माती टाकतो, चोपतो, उंचवटा करतो, लांबून बघतो आणि परत मोडतो. म्हणतो, किती उंच होता तेच आठवत नाही, ते तिलाच माहीत. तुम्ही या. सायकलीवर बसू नका, वाटलं तर त्याला दोन थोबाडीत द्या, मी मध्ये पडणार नाही. पण त्या वळणावर उभ्या राहून हाताने दाखवा, माती कुठपर्यंत घालायची. तो घमेलं भरून थांबलाय.

तुमचीच,
वहिनी