दोन मिलिमीटर

शनिवार, ६ मे

डावीकडचे सेन्सर चुकतायत! रॅलीची गाडी किती दबली हे मोजायला चारही चाकांपाशी एकेक बसवलाय. रौनो डावीकडच्या ड्रायव्हर सीटवर बसला की आकडा शून्य यायला हवा – गेल्या मोसमात मीच तसं लावलं होतं. आज तो बसला, तर डावी बाजू दोन मिलिमीटर वर! वायरी तपासल्या, दोन्ही सेन्सर बदलले. तेच.

"ताई, तुझ्या यंत्रांचंही वय झालं," म्हणे. म्हटलं, गप बस, हलू नकोस.

संध्याकाळी सौनाला, आमच्या शनिवारच्या वाफेच्या अंघोळीला, आला नाही. पाठ दुखतेय. एस्को एकटाच वाफ घेऊन आला. नवऱ्याला माझ्या भावाशिवाय करमत नाही.

शनिवार, १३ मे

शून्य! काहीच न करता. असलं आपोआप दुरुस्त होणं मला आवडत नाही.

शनिवार, २४ जून

मध्य उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी तळ्याकाठी पेटली, आणि रौनो आजही सौनाला नाही. लहानपणी गोवर अंगावर होता तेव्हासुद्धा आला होता! एस्कोला विचारलं, भांडलात का? "नाही गं," म्हणाला आणि सॉसेज परतत राहिला.

सोमवार, २६ जून

नवी वायर ओढायला सीटची गादी काढली. खाली लोकरी मोजे, तारेने पक्के बांधलेले. आत शिशाचे गोळे – बाबांच्या मासेमारीच्या जाळ्याचे. वजन केलं. चौदा किलो.

तिथेच फरशीवर बसले. सेन्सर बरोबर होते. माझा भाऊ चौदा किलोंनी कमी झालाय. ढगळ ओव्हरऑलमध्ये लपतो, सौनात उघडं बसावं लागतं, म्हणून तिथे येत नाही. खूप रडले. मग सगळं होतं तसं बांधून ठेवलं. ऑगस्टची रॅली त्याला धावायचीय. सांगायचं तेव्हा सांगेल.

शनिवार, ८ जुलै

पुन्हा अर्धा मिलिमीटर वर. तो आकड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय गं?"

"काही नाही. शून्य."

तो गेल्यावर दोन किलो मी घातले.

शनिवार, १५ जुलै

शून्य. काम करताना शीळ घालत होते. एस्को म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी."

शनिवार, २२ जुलै

शून्य!

शनिवार, २९ जुलै

आजही शून्य! मी तर पुन्हा काहीच घातलं नाही. म्हणजे वजन थांबलंय. कुठेतरी उपचार घेत असणार, गुण येतोय. रॅलीनंतर त्याला चांगलं फैलावर घेणार आहे.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

रौनो मंगळवारी गेला. शनिवारी हॉस्पिटलात नेला, चौथ्या दिवशी संपलं. पोटात कॅन्सर होता. डॉक्टरीण म्हणाली, त्याला जानेवारीपासून माहीत होतं, शेवटच्या महिन्यात तर झपाट्याने खालावला. मी तिच्याशी वाद घातला. वजन थांबलं होतं, म्हटलं, माझ्याकडे नोंदी आहेत.

शनिवार, १२ ऑगस्ट

सीटखालचं सगळं काढून वजन केलं. तेवीस किलो. चौदा त्याचे, दोन माझे.

एस्को गॅरेजच्या दारात उभा होता. "सात माझे," म्हणाला. "तुला वजन घालताना पाहिलं होतं. मग तू शीळ घालायला लागलीस."