गिऱ्हाइकांच्या उशा

५ फेब्रुवारी
कचरागाडीवाल्यानं आज केस परत केले! पोतं माझ्या सलूनच्या पायरीवर आपटून म्हणाला, "हे ओलं की सुकं, ते आधी ठरवा." सव्वीस वर्षं लोकांचे केस कापतोय — हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

६ फेब्रुवारी
ठरलं. फेकायचे नाहीत, उशा करायच्या! फोमच्या उशा विकत आणायच्या, चपट्या झाल्या की फेकायच्या, आणि इकडे रोज टोपलीभर फुकटचा माल झाडून काढायचा? सोड्याच्या पाण्यात धुतले, गच्चीत चादरीवर वाळत घातले. वारा सुटला. शेजाऱ्यांच्या ओल्या शर्टांना छातीवर केस आले.

१३ फेब्रुवारी
चार उशा तयार. जुन्या एप्रनच्या खोळी, शिवण माझी. मोठ्या हौसेनं बायकोला दाखवल्या. तिनं एक दोन बोटांत धरली. "कोणाकोणाचे आहेत?" सांगितलं — उगाच सांगितलं! "म्हणजे मी रोज वकिलांवर गाल टेकून झोपू?"

१७ फेब्रुवारी
गावभर बोभाटा झालाय. खुद्द वकील खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाले, "माझे आणि डॉक्टरांचे एका उशीत घालू नका हं. आमचं बोलणं नाही." आता काय, उसवून निवडत बसू? बरं म्हणालो.

१८ फेब्रुवारी
उशी टोचते. कोणाला सांगणार नाही.

२० फेब्रुवारी
"या घरात एक तर उशा राहतील, नाहीतर मी." बायको पिशवी भरून बहिणीकडे निघून गेली. मीही हट्टाला पेटलो. जा म्हणालो!

२४ फेब्रुवारी
घर खायला उठलंय. चूक झाली. पृथ्वीचं भलं करायला निघालो आणि घरातलं माणूस घालवून बसलो. फोन केला. "उशा गेल्या?" एवढंच विचारलं तिनं. उद्या टाकतो म्हणालो. "टाकू नका, मी येऊन टाकते. तुमचा भरवसा नाही."

२५ फेब्रुवारी
आली. चप्पलही न काढता चारही उशा काखोटीला मारून दाराकडे निघाली, तर दारात पोस्टमास्तरांच्या बाई उभ्या. मास्तर चार दिवसांपूर्वी गेले. "पंधरा-वीस दिवसांपूर्वी तुमच्याकडेच केस कापले होते ना त्यांनी? कुठल्या उशीत आहेत?"

सगळे एकत्रच कालवलेत, असं सांगायला मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. तिनं एक उशी हातानं झटकली, बाईंच्या हातात दिली. "ही घ्या. हिच्यातच आहेत."

उरलेल्या तीन ती परत आत घेऊन गेली.